वासमास्तरांची बाटली

साहेब निवृत्त होणार म्हणून जेवण ठरले, आणि जेवण ठरले म्हणून बाटली आणायचे काम वासमास्तरांच्या गळ्यात पडले. खात्याची रीतच तशी होती. जाणाऱ्या माणसाला खात्याने एक चांगली वाइन पाजायची, बाटली रुमालात गुंडाळून टेबलावर आणायची, आणि जो ती निवडेल त्याने पहिल्यांदा हुंगून तिचे वर्णन करायचे. मग बाकीच्यांनी हुंगायचे. वर्णन जुळले की निवडणारा माणूस दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खुर्चीत बसायचा. ऑर्डर वरून यायची, पण खरी ऑर्डर टेबलावरच निघायची.

हे खाते साधेसुधे नव्हते. पाणीपुरवठ्याच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ‘वास व चव’ अशी पाटी असलेली एक खोली होती आणि तिच्यात चार माणसे होती : साहेब, बाई, वासमास्तर आणि लांब्या. रोज सकाळी सात वाजता शहरातल्या टाक्यांचे पाणी काचेच्या चंबूंतून तिथे यायचे, थोडे कोमट केले जायचे आणि ही चार माणसे एकामागून एक त्याच चंबूत नाक घालून वास आहे की नाही ते सांगायची. क्षार किती, गढूळपणा किती, हे खालच्या मजल्यावरची यंत्रे पाहत. पण यंत्राला विचारावे तेवढेच ते सांगते. जे विचारायचे कुणाच्या डोक्यातच आले नाही, ते नाकाला कळते. म्हणून रोज आठ वाजता या खोलीतून एक कागद निघायचा : ‘आजचे पाणी. वास : नाही. चव : नाही.’ तो पोस्टाच्या, शाळांच्या आणि दवाखान्यांच्या भिंतींवर लागायचा आणि लोक तो वाचून निर्धास्तपणे नळ सोडायचे.

या चौघांत वासमास्तरांचे नाक म्हणजे शहराचे भूषण. पूर्वी एकदा त्यांनी नुसत्या वासावरून सांगितले होते की उत्तरेच्या टाकीत कबूतर मेले आहे, आणि खरोखरच कबूतर निघाले होते. तेव्हापासून बाजारातही लोक त्यांना वाट करून देत. सगळे छान चालले होते. अडचण एवढीच होती की गेले तीन महिने वासमास्तरांना कशाचाही वास येत नव्हता.

थंडीत त्यांना ताप आला, चार दिवसांनी उतरला, आणि जाताना नाक घेऊन गेला. साबण, पेट्रोल, बायकोच्या केसांतले तेल, सगळे सारखेच; जिभेलाही आंबट-गोड कळेनासे झाले. मास्तरांनी हे कुणालाही सांगितले नाही, बायकोलासुद्धा नाही. सांगून जायचे कुठे? याआधी एकाला जुनाट सर्दी झाली होती, त्याची रवानगी तळघरात, जुन्या मीटरांच्या गोदामात झाली. तिथे तो गंजलेली मीटरे एका फळीवरून दुसऱ्या फळीवर ठेवीत असे आणि कुणी खाली उतरले की आशेने बघत असे. बावीस वर्षे ज्या नाकावर मान मिळवला ते गेले, हे कळले की आपण माणूस म्हणूनही उरणार नाही, अशी मास्तरांची पक्की समजूत झाली होती. ती अगदीच चूक होती असे म्हणता येत नाही.

घरी ते बायकोच्या चेहऱ्यावरून वेळ मारून नेत.

“अहो, दूध लागलं का बघा हो खाली?”

बायको नाक आक्रसते आहे का हे मास्तर आधी बघत आणि मग म्हणत, “लागलंय जरासं.”

खात्यातही त्यांनी युक्ती काढली होती. हुंगायचा क्रम ठरलेला होता. आधी साहेब, मग बाई, मग मास्तर, शेवटी लांब्या. बाई जे म्हणतील तेच मास्तर दोन सेकंद डोळे मिटून, जरा जास्त गंभीरपणे म्हणत. बाई म्हणाल्या, “काही नाही.” मास्तर म्हणायचे, “अं... नाही. काही नाही.” लांब्या मान डोलवायचा आणि कागद निघायचा.

पण बाटलीच्या वेळी पहिला नंबर मास्तरांचा होता, आणि त्यांच्या आधी बाई बोलणार नव्हत्या.

शनिवारी संध्याकाळी ते वाइनच्या दुकानात गेले. दुकानदाराने त्यांना पाहताच काउंटर पुसला, दोन गिऱ्हाइकांना बाजूला केले आणि चार बाटल्या फोडल्या.

“मास्तर, तुमच्यापुढे आम्ही काय बोलणार? तुम्हीच हुंगा.”

मास्तरांनी चार पेल्यांत चार वेळा नाक घातले. चारही पेल्यांत सारखीच शांतता होती. काहीतरी बोलणे भाग होते, म्हणून त्यांनी चौथा पेला दूर सारला आणि म्हणाले, “ठीक आहेत. पण निरोपाच्या नाहीत.”

दुकानदाराचा चेहरा पडला, कारण ती चौथी बाटली दुकानातली सर्वांत उत्तम होती. एवढ्यात मास्तरांची नजर दाराजवळच्या एका खोक्यावर गेली. खोके वेगळे ठेवलेले होते, वर जाड पुठ्ठा टाकला होता. खास गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवलेला माल असाच झाकून ठेवतात, हे मास्तरांनी ताडले.

“ते कुणासाठी बाजूला ठेवलंय?”

“ते? ते नको मास्तर. ते परत पाठवायचंय.”

“का?”

“बुचं सैल निघालीत. मला आंबूस वाटली. बघा तुम्हीच.” दुकानदाराने खोक्यातली एक बाटली उघडली, घाईघाईने पेल्यात ओतली आणि स्वतः अर्धे पाऊल मागे सरला.

मास्तर आता कात्रीत सापडले. आंबलेली आहे असे म्हणावे, तर दुकानदार आपली परीक्षा बघत असेल तर? चांगला माल लपवण्यासाठी दुकानदार काय वाटेल ते सांगतात. आणि हा मागे का सरला? गिऱ्हाइकाने ओळखले म्हणून धास्तावला असणार. मास्तरांनी पेला नाकाशी धरला, डोळे मिटले, आणि तीन महिन्यांत कमावलेले सगळे गांभीर्य चेहऱ्यावर आणले.

“आंबूस?” ते म्हणाले. “अहो, ही दुकानातली एकमेव जिवंत बाटली आहे.”

दुकानदाराने मास्तरांकडे पाहिले, पेल्याकडे पाहिले, पुन्हा हुंगून पाहिले. त्याच्या डोळ्यांत पाणी आले. ते वासाने आले होते, पण त्याने ते शरमेचे मानले. “बत्तीस वर्षं धंद्यात घालवली,” तो म्हणाला, “आणि नाक कधी गेलं ते कळलं पण नाही मला.” मास्तर एक बंद बाटली घेऊन बाहेर पडेपर्यंत त्याने ते अख्खे खोके दर्शनी फळीवर मांडले आणि त्यावर चिठ्ठी लावली : ‘वासमास्तरांची निवड’.

जेवण रविवारी संध्याकाळी सातला, नदीकाठच्या हॉटेलात होते. साहेबांच्या पत्नी वारल्या होत्या, बाईंनी लग्न केले नव्हते, लांब्याचे जमत नव्हते, त्यामुळे पाहुणी म्हणून एकट्या मास्तरांच्या बायकोला बोलावले होते. तिने ठेवणीतले कपडे काढले होते. नवरा उद्या साहेब होणार, या आनंदात ती होती. मास्तरांच्या तोंडचे मात्र पाणी पळाले होते.

सूप आले, पाव आला, मग वेटरने रुमालात गुंडाळलेली बाटली आणली, बूच काढले आणि ते बशीत ठेवून मास्तरांपुढे केले.

मास्तरांनी बूच नाकाशी धरले. रात्रभर जागून त्यांनी वर्णन पाठ केले होते.

“काळं आलुबुखार,” ते सावकाश म्हणाले. “पिकलेलं. मागून जरासा धूर येतो. आणि अगदी शेवटी... ओलं लाकूड.”

पेले भरले गेले. साहेबांनी पेला फिरवला, हुंगला, एक घोट घेतला आणि बराच वेळ छताकडे पाहत राहिले.

“लाकूड,” साहेब म्हणाले. “बरोबर. ओलंच आहे.”

“पण कोवळं नाही साहेब, जुनं,” बाई घोट गिळून म्हणाल्या. “आणि आलुबुखार अगदी सालीसकट.”

“मला तर धूर जास्त जाणवतोय,” लांब्या म्हणाला. “मास्तर, कमाल आहे तुमची!”

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. एवढे सुटल्यासारखे वाटले त्यांना की रडू कोसळेल की काय अशी भीती वाटली. साहेब उठले, त्यांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “उद्यापासून कागदावर सही तुमची.” टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत मास्तरांच्या बायकोने कौतुकाने पेला उचलला आणि एक मोठा घोट घेतला.

तिला ठसका लागला. असा तसा नाही, शेजारच्या टेबलावरची माणसे वळून बघतील असा. तिने पदराने तोंड पुसले, पेला पुन्हा हुंगला आणि नवऱ्याकडे पाहिले.

“अहो, हे व्हिनेगर आहे.”

“वहिनींना सवय नसेल,” साहेब समजुतीने म्हणाले. “पहिल्यांदा जरा जड जातं.”

“सवयीचं काय त्यात? मी रोज स्वयंपाक करते. हे व्हिनेगर आहे. डोळे चुरचुरतायत माझे. तुमचे नाही चुरचुरत?”

साहेबांनी वेटरला खूण केली. “जरा हुंगून बघ रे. कसं वाटतंय?”

वेटरने बाटली नाकाशी नेली आणि झटकन लांब केली. “सॅलडवर घालायचंय का साहेब? की बदलून आणू?”

मास्तर लाल झाले, मग पांढरे झाले. आता संपले सगळे, असे त्यांनी मनाशी म्हटले आणि कबुली द्यायला तोंड उघडले. पण त्याआधीच लांब्याचा पेला टेबलावर खडखडला.

“मला नाही येत वास,” तो रडवेला होऊन म्हणाला. “थंडीत ताप आला होता ना, तेव्हापासून. मी मास्तर म्हणतात त्याला हो म्हणतो.”

“मला पण नाही येत,” मास्तर म्हणाले. “मी बाई म्हणतात तेच म्हणतो.”

बाईंनी हातरुमालाची घडी केली, मोडली, परत केली. “एकाच चंबूत नाकं घालतो आपण सगळे,” त्या म्हणाल्या. “ताप काय एकाला होऊन थांबणारेय? साहेब म्हणतात तेच मी म्हणते.”

तिघांनी साहेबांकडे पाहिले. साहेब पहिले होते. ज्याचे ऐकून बोलावे असे साहेबांच्या आधी कुणी नव्हते.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “मी,” ते म्हणाले, “कालचा कागद बघून बोलतो.”

लांब्याला हसू फुटले. मग बाईंना फुटले, मग साहेबांना, आणि तीन महिने छातीवर धोंडा घेऊन वावरलेली ती चार माणसे पोट धरून हसायला लागली. मास्तरांना वाटले, इतके हलके आपल्याला वर्षानुवर्षांत वाटले नव्हते. चौघांचे एकच दुखणे निघाले तर कोण कुणाला गोदामात पाठवणार?

मास्तरांची बायको तेवढी हसत नव्हती.

“मग पाणी कोण हुंगतंय?” तिने विचारले.

हसणे एकदम थांबले.

“तीन महिने,” ती म्हणाली. “तीन महिने पाणी कुणी हुंगलंच नाही?” तिने समोरचा पाण्याचा पेला नाकाशी नेला आणि खाली ठेवला. “मला वाटलं, माझंच काहीतरी बिघडलंय. महिना झाला असेल. सकाळी नळ सोडला की वास येतो, काहीतरी कुजल्यासारखा. रोज येतो. पण हे दिवसभर पाणी हुंगणारे, हे चहा पिऊन खुशाल ऑफिसला जातात. म्हटलं, ह्यांना येत नाही तर मला कसा येईल?”

“आम्हाला पण येतो ताई,” वेटर हळूच म्हणाला. “आत मोरीवर तर फारच येतो. पण कागद लागलेला असतो ना बाहेर. मालक म्हणाले, शहाणपणा करू नका, तिथं मोठी माणसं बसलीयेत त्यासाठी.”

साहेबांनी आवाज खाली आणला. “हे बघा. मंगळवारी मी सुटतोय. एवढे दोन दिवस जाऊ द्या. मग काय ते हळूहळू, पद्धतशीरपणे...”

“पद्धतशीरपणे काय?” मास्तरांनी विचारले. त्यांना आपलाच आवाज परका वाटला. ते बायकोकडे बघत होते. बिचारीने महिनाभर स्वतःच्या नाकावर अविश्वास दाखवला, तो आपल्या थापेवर विश्वास ठेवून. मास्तरांना आयुष्यात कधी वाटली नव्हती एवढी लाज वाटली. “सही उद्यापासून माझी आहे ना? मग मी बघतो.”

सोमवारी सकाळी सात वाजता मास्तर बायकोला घेऊन खात्यात आले. चंबू कोमट झाले. तिने पहिल्या दोन टाक्यांचे पाणी हुंगून नाही म्हणून मान हलवली. पूर्वेच्या टाकीचा चंबू नाकाशी नेताच ती मोरीकडे धावली. आठ वाजता मास्तरांच्या सहीने कागद निघाला : ‘आजचे पाणी. वास : आहे, कुजका. पूर्वेचे पाणी पिऊ नये.’

साडेआठला पहिला फोन आला आणि दहापर्यंत फोन खाली ठेवायची सोय उरली नाही. कालपर्यंत नव्हता तर आज वास आला कुठून, असे लोक विचारत होते आणि प्रश्न अगदी रास्त होता. अकराला मुख्य अभियंता स्वतः जिना चढून आले. चंबू उघडेच होते, म्हणून त्यांनी नाकाला रुमाल लावला होता.

“कुणी लिहिलं हे?” रुमालातून त्यांनी विचारले.

“मी,” मास्तर म्हणाले. “साहेब, रुमाल काढून एकदा हुंगून बघा. पूर्वेची टाकी आजच्या आज रिकामी करायला हवी.”

“हुंगणं माझं काम नाही. वास कुणाला आला?”

“माझ्या बायकोला.”

“त्यांचा हुद्दा काय?”

“बायको.”

“तो हुद्दा नाही. तुम्हाला आला का?”

बावीस वर्षे मास्तर या प्रश्नाला ताठ मानेने उत्तर देत आले होते. आता खोटे बोलावे तर कागद टिकेल, हे त्यांना कळत होते. पण तीन महिने खोटे बोलून काय झाले तेही त्यांना दिसत होते.

“नाही,” ते म्हणाले. “तीन महिने मला कसलाच वास येत नाही.”

खबरदारी म्हणून दुपारी चौघांनाही डॉक्टरांकडे पाठवले. डॉक्टरांनी नाकापुढे लवंग धरली, कापूर धरला, हिंग धरला. चौघेही शांतपणे बसून राहिले. चारच्या सुमारास वरून पत्र आले. ते फार मुद्देसूद होते. ‘वास व चव विभागातील चारही कर्मचाऱ्यांची घ्राणशक्ती आज तपासणीअंती शून्य आढळली आहे. सबब त्यांचा आजचा अहवाल अग्राह्य धरण्यात येत असून, कालचा अहवाल पुढील आदेशापर्यंत कायम समजावा. संबंधितांनी उद्या मीटर गोदामात हजर व्हावे.’

साहेबांचा एकच दिवस राहिला होता, म्हणून त्यांना तेवढे घरीच बसायला सांगितले. पाच वाजता सकाळचे कागद फाडले गेले आणि भिंतींवर नवे लागले : ‘वास : नाही. चव : नाही.’

मास्तर घरी पोचले तेव्हा बायको गॅसवर मोठे पातेले चढवून पाणी उकळत बसली होती. एवढ्यात दार वाजले. खालच्या मजल्यावरच्या काकू होत्या, हातात रिकामी कळशी.

“आमच्या मजल्यावर नळ गेलाय हो. तुमच्याकडचं भरू का? नातीला पाजायचंय. पंधरा दिवस पोट जातंय पोरीचं, डॉक्टर म्हणाले, भरपूर पाणी पाजा.” बोलता बोलता काकूंनी कळशी नळाखाली लावलीसुद्धा. “सकाळचा तो कागद वाचून जीव नुसता टांगणीला लागला होता बघा. मला तर किती दिवस वास येत होता, पण म्हटलं, आपण काय जाणार त्यातलं. आता पोस्टावर नवा कागद वाचला तेव्हा कुठं बरं वाटलं.”

“काकू, ते पाणी पाजू नका,” मास्तर म्हणाले. “त्या कागदावर जाऊ नका. पाण्याला वास आहे.”

काकूंनी नळ बंद केला, कळशी कमरेवर घेतली आणि मायेने मास्तरांकडे पाहिले.

“तुम्ही मनाला लावून घेऊ नका हो मास्तर,” त्या म्हणाल्या. “तुमचं नाक गेलंय. सगळ्यांना कळलंय ते.”